तीन बोटांचे मीठ

मत्सराने माणसाची दृष्टी मंद होते असा एक समज आहे. हौसाबाईंच्या बाबतीत तरी तो साफ चुकीचा होता. त्यांच्या यजमानांना, केसरीनाथांना, हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. रुग्णालयातून घरी सोडण्याच्या दिवशी निशा डॉक्टर पथ्य समजावून सांगत होत्या, आणि त्या खोलीतली एकही बारीकसारीक गोष्ट हौसाबाईंच्या नजरेतून सुटत नव्हती. धाकटी जाऊ चंद्रा हिने थर्मासच्या झाकणात ओतलेली पेज त्यांना दिसत होती. ती हलवून निववण्याची तिची पद्धत दिसत होती. पहिल्या घोटासरशी केसरीनाथांच्या ओढलेल्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले, तेही दिसले. दृष्टी शाबूत होती. कान तेवढे कामातून गेले होते. डॉक्टरांची पहिली दोन वाक्ये त्यांनी ऐकली : मीठ कमी करा, आणि लोणची, पापड, सुकी मासळी बंद. तिसरे वाक्य पेजेच्या वाफेबरोबर विरून गेले.

या मत्सराला केवळ बायकी हेवा म्हणून हसून सोडून देणे अन्यायाचे होईल. त्याला तीस वर्षांचा इतिहास होता, आणि त्या इतिहासाच्या मुळाशी मीठच होते.

केसरीनाथांचे घराणे टेमघरचे, आगरी, मूळचे मिठागरवाले. आगर केव्हाच बुजले, दापोड्याच्या शेतजमिनीवर गोदामे उभी राहिली, भाड्यावर केसरीनाथ आणि धाकटा दिनेश या दोन्ही भावांची घरे सिमेंटची झाली. तरी त्या घरातली एक रीत आगराबरोबर बुजली नाही. नवी सून आली की तिच्या हाती पहिल्यांदा कालवणाचे भांडे देत आणि सासूच्या समोर, चव न घेता, त्यात मीठ टाकायला सांगत. जाडे, खडे असलेले मीठ तीन बोटांच्या चिमटीत उचलायचे आणि एकदाच सोडायचे. दुसऱ्यांदा हात घालणे म्हणजे हरणे. हौसाबाई परीक्षेला बसल्या तेव्हा सासूने बोट चाटून म्हटले होते, "बरा हाय. एक खडा जास्ती परला." काही वर्षांनी दिनेशची बायको होऊन चंद्रा आली. तिने मीठ सोडले. सासूने बोट चाटले आणि काहीच न बोलता जेवायला बसली. न बोलता! तो एक जास्तीचा खडा तेव्हापासून हौसाबाईंच्या छातीत होता.

पुढे चुली वेगळ्या झाल्या. दारापुढचा ओटा मात्र एकच राहिला. केसरीनाथ जेवणारा माणूस. धाकट्या घरून एखादे दिवशी कोलंबीची वाटी आली की ते ती बोटाने निपटून घेत आणि भाबडेपणाने म्हणत, "चंद्राच्या हाताला चव हाय." या वाक्यात हौसाबाईंच्या हाताविषयी एक अक्षरही नव्हते, आणि नेमके तेच त्यांना ऐकू येई.

केसरीनाथ रुग्णालयातून घरी आल्यावर आळीच्या रीतीप्रमाणे भाऊबंदांच्या घरून डबे येऊ लागले. आजारातून उठलेल्या माणसाने घरोघरचा घास खावा, म्हणजे अंगी बळ भरते, अशी आळीची श्रद्धा. शहाळ्यांचाही ढीग पडला. पण "शहाळ्याचं पाणी नको" हे डॉक्टरांनी मुलाला, भावेशला, फोनवर वेगळे बजावले होते, म्हणून ती शहाळी भावेश आणि गोदामाचे ड्रायव्हर पीत. आठवड्याभरात इतरांचे डबे विरळ झाले. चंद्राचा मात्र दुपारी ठरल्या वेळी येई.

हौसाबाईंनी पथ्य मोडले असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यांनी पथ्य इतके पाळले की डाळीत आणि पाण्यात फरक उरला नाही. केसरीनाथ दोन घास घेत आणि हात आखडता घेत.

"का हो? आणखी भात वाढू?"

"नको. पोट भरला."

"दोन घासांत?"

"आता तुला सांगू काय, हौसे," ते ओशाळून म्हणत, "जेवान गिळता येत न्हाय. लादी पुसल्याचा पानी पिल्यासारखा वाटतंय."

आणि त्याच दुपारी चंद्राच्या डब्यातला बोय मासा ते काटा न काटा चोखून खात. चंद्रा सांगे की तिने मीठ टाकलेलेच नाही. कोकम आहे, ठेचलेली लसूण आहे, हिरवी मिरची आहे, वरून कोथिंबीर. हौसाबाई ते ऐकून घेत आणि मान डोलवत, आणि मनात म्हणत, खोटारडी. मीठ नसताना माणूस असे चोखून खाईल? मिठागरवाल्याचा मुलगा? त्यांनी एकदा डब्याच्या तळाला बोट लावून चाखलेही. आंबट लागले, तिखट लागले, आणि त्या दोन्हींच्या आड खारट काही आहे की नाही ते ठरेना. ज्या जिभेवर त्यांचा उभा जन्म विश्वास होता ती जीभ चंद्राच्या कालवणापुढे साक्ष देईना, हा अपमान निराळाच.

त्यानंतर त्या एकट्या रिक्षा करून बाजारात गेल्या. घरचे सामान भावेश आणी. त्याला त्यांनी सांगितले नाही. दुकानदार ओळखीचा होता.

"हार्ट पेशंट के लिए? काकी, ये लो ना," त्याने फळीवरून एक पाकीट काढले. "कम सोडियमवाला नमक. बडे बडे लोग यही खाते हैं."

"खारा लगता है?"

"नमक है काकी, मीठा थोडे ही लगेगा!"

या व्यवहारात दुकानदाराचा काही कपटभाव नव्हता. पाकिटावर हृदयाचे लाल चित्र होते आणि मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे वा जे अमुक प्रकारची औषधे घेतात त्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावे, असे छापले होते. चित्र हौसाबाईंनी पाहिले.

घरी येऊन त्यांनी ते मीठ चिनी मातीच्या जुन्या बरणीत ओतले, पाकीट कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले, आणि बरणी कोपऱ्यात तांदळाच्या डब्यामागे सारली. असे लपवायचे कारण काय? डॉक्टरांनी विचारले असते तर त्यांनी लपवले नसते. त्यांना ते लपवायचे होते फक्त चंद्रापासून. ही युक्ती तिला कळली की तीही तेच मीठ आणणार, आणि मग पुन्हा तोच एक खडा जास्ती. एका घरात येणेजाणे असलेल्या बाईपासून मिठाची बरणी लपवणे हे सोपे काम नाही; हौसाबाईंनी ते निगुतीने केले.

चूक इथेच झाली, आणि ती आगराच्या घरातच होऊ शकत होती. त्यांचा हात जाड्या मिठावर घडलेला होता. तीन बोटांच्या चिमटीत खड्यांच्या मिठापेक्षा पोकळीच अधिक मावते. पिठासारखे बारीक मीठ मात्र त्याच चिमटीत गच्च बसते. त्यातून हे मीठ जिभेला बेताचेच खारट. हौसाबाईंनी डाळीत एक चिमूट सोडली, चाखली, आणि हसल्या. "कमी सोडियमवाला" म्हणजे अशक्त मीठ, असे त्यांनी ठरवले. अशक्ताला भीती कसली? त्यांनी आणखी एक चिमूट सोडली. जोवर त्यांच्या ओळखीची चव जिभेवर उतरली नाही, तोवर तीन बोटे बरणीत जात राहिली. परीक्षा घ्यायला सासू आता नव्हती.

त्या रात्री केसरीनाथांनी ताट पुसून घेतले.

"हौसे, आज काय केलंस काय?"

"का? बरा न्हाय झाला?"

"अगो, डाळ हाय का काय हाय! उद्या बी हीच कर."

हौसाबाई मोरीत जाऊन उगीचच भांडी विसळत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाजीत, आमटीत, भातातसुद्धा ते मीठ घातले. तिसऱ्या दिवशी केसरीनाथांनी चंद्राच्या डब्यातला अर्धा मासा उरवला आणि म्हणाले, "आज पोट भरलंय. सकालची आमटी बरी होती." चंद्राने तो डबा उचलला तेव्हा हौसाबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, अगदी टक लावून पाहिले. पण तिथे दुःख दिसेना. चंद्रा म्हणाली, "बरा झाला बाय, दादा तुज्या हातचा जेवाला लागले." विजयाचा आनंद हरणाऱ्याच्या चेहऱ्यावरून मोजायचा असतो. चंद्राने तो मोजू दिला नाही.

तरीही ते दिवस हौसाबाईंच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस होते. रक्ताची तपासणी करून घ्यायची राहिली होती, त्यासाठी भावेश दोनदा म्हणाला. "जेवतात ते दिसत न्हाय का तुला?" असे म्हणून त्यांनी ती पुढे ढकलली.

मग केसरीनाथांचे पाय जड झाले. ओट्याची पायरी चढताना त्यांनी भिंतीला हात लावला. जीभ जड, बोटांना मुंग्या, दिवसाढवळ्या झापड. एका सकाळी ते खाटेवरून उठू लागले ते पुन्हा बसले. म्हणाले, "पाय माजं न्हाय वाटत."

हौसाबाईंच्या मनात निदान तयारच होते. रोग मागाहून आला. ओट्यावर चंद्रा तांदूळ निवडत होती. तिच्यासमोर जाऊन त्या उभ्या राहिल्या.

"चंद्रे, आज डबा देऊ नको. आजच न्हाय, कंदीच देऊ नको."

"का गो बाय? काय झाला?"

"काय झाला? नवरा माजा पांगला झाला, तो झाला! मीठ टाकतेस, मीठ! डॉक्टरनी सांगून सुद्धा टाकतेस. चव पायजे ना तुला, दादांच्या तोंडून कवतिक पायजे!"

चंद्राच्या हातातले सूप तसेच राहिले. पलीकडच्या घरातून दोघीतिघी डोकावल्या. दिनेश बनियनवर बाहेर आला आणि शहाण्या नवऱ्याप्रमाणे पुन्हा आत गेला.

"बाय, जीभ सांभाल. मीठ टाकला असंल तर माजा हात झडो."

"हात कशाला झडंल? रगत तपासलं की समजंल. रगतात मीठ निघंल ना तुजा!"

"मंग चल. आत्ताच चल. भावेशला गाडी काढाला सांग. माजा डबा घेते मी." चंद्रा उठली, सूप खाली ठेवले. मग वळून म्हणाली, "आनि तुजा बी डबा घे. तपासायचा तर दोन्ही तपासू दे."

दुसऱ्या डब्याची अट हौसाबाईंना थट्टेसारखी वाटली. त्यांनी आदल्या रात्रीची आमटी डब्यात भरली, आणि गाडीत केसरीनाथांच्या एका बाजूला त्या आणि पुढच्या सीटवर चंद्रा, अशी ती वरात निघाली. भावेश रस्ताभर म्हणत होता, "आई, रक्ताची टेस्ट करायचीच होती, पण डबे कशाला? डॉक्टर हसतील आपल्याला." कामतघरच्या वळणावर सुताच्या टेम्पोमागे गाडी अडकली तेव्हा केसरीनाथांनी डोळे न उघडता म्हटले, "भांडू नका गो. माजी शुद्ध जातेय."

निशा डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी डब्यांकडे पाहिलेही नाही. नाडी धरली, हृदयाचा आलेख काढायला लावला, कागद पुरता बाहेर येण्याआधीच त्यांनी परिचारिकेला हाक मारली आणि खाट आत नेण्यात आली. रक्त घेतले गेले. बाहेरच्या बाकावर दोन जावा दोन डबे मांडीवर घेऊन बसल्या. भावेश औषधाच्या दुकानाकडे धावला.

प्रयोगशाळेतून डॉक्टरांना फोन आला. तो घेऊन त्या बाहेर आल्या.

"रक्तात मीठ निघाला ना?" हौसाबाईंनी विचारले.

"सोडियम? ते ठीक आहे. अगदी हवं तेवढं."

हौसाबाईंना पहिल्यांदा वाटले ते एवढेच : आपण हरलो.

"पोटॅशियम वाढलंय," डॉक्टर म्हणाल्या. "फार वाढलंय. नीट ऐका, वेळ कमी आहे. हृदयाचा प्रत्येक ठोका या क्षारांच्या ये-जा करण्यावर चालतो. पोटॅशियम कमी पडलं तरी ठोका चुकतो, वाढलं तर तो मंद होत होत थांबू शकतो. आम्ही त्यांना ज्या गोळ्या दिल्यात त्या हृदयाला चांगल्या आहेत, पण त्या पोटॅशियम शरीराबाहेर जाऊ देत नाहीत. म्हणजे बाहेरून आलेलं आत साठतं. आता कॅल्शियमचं इंजेक्शन दिलंय, हृदय सांभाळायला. पुढचे उपाय चालू केलेत. पण हे कुठून आलं ते मला कळायला हवं, आणि किती, तेही. शहाळी?"

"न्हाय," चंद्रा म्हणाली. "एक बी न्हाय दिला. पोरंच पितात."

"फळांचे रस? कुठली पावडर, काढा? घरात दुसरं काही मीठ वापरता?"

प्रश्न दोघींना होता. उत्तर एकीकडेच होते.

हौसाबाईंना ती बरणी दिसली, तांदळाच्या डब्यामागे, झाकणाला फडके बांधलेली. त्या बरणीविषयी जगात दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हते. त्या "न्हाय" म्हणाल्या असत्या तर ते सहज खपले असते. घरी जाऊन बरणी मोरीत रिकामी केली असती, पाण्याने धुतली असती, आणि चंद्राच्या डब्यावरचा संशय तसाच राहिला असता, निदान आळीत तरी. हा विचार त्यांच्या मनात आला नाही असे लिहिणे खोटेपणाचे होईल. तो आला, आणि शेजारी बसून गेला. चंद्रा त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती दाराकडे पाहत होती, आणि तिचे ओठ हलत होते. देवीला काही तरी बोलत असावी. केसरीनाथांसाठी आपल्याआधी ही बोलतेय, हे हौसाबाईंना दिसले, आणि त्या क्षणीसुद्धा त्यांचे आतडे जळले. कदाचित त्या जळण्यानेच तोंड उघडले.

"माज्या घरात हाय," त्या म्हणाल्या. "बरनीत. दुकानदारानी दिला. कम सोडियमवाला."

"किती घालता?"

हौसाबाईंनी तीन बोटे जुळवून दाखवली. मग ती तीन बोटे पुन्हा पुन्हा वर-खाली केली. डॉक्टर त्या हाताकडे पाहत राहिल्या.

"काकी, त्या मिठात सोडियम कमी करतात ते त्याच्या जागी पोटॅशियम घालूनच. म्हणूनच मी डिस्चार्जच्या दिवशी सांगितलं होतं ना? तसलं मीठ मला विचारल्याशिवाय आणू नका म्हणून? तुम्ही दोघी समोर होतात."

हौसाबाईंना त्या दिवशीची पेज आठवली, वाफ आठवली.

"आमाला न्हाय ऐकू आला, म्याडम," चंद्रा म्हणाली. "मी पेज वतत होते. मना बी ऐकू न्हाय आला."

डॉक्टर आत गेल्या. दोन्ही डबे न उघडता परत आले.

केसरीनाथ वाचले. निदान वेळेवर झाले म्हणून वाचले, आणि वेळेवर झाले ते दोन जावा भांडल्या म्हणून. पण याला ईश्वरी योजना वगैरे नाव देण्याची गरज नाही. रक्तातले क्षार हळूहळू ठिकाणावर आले, पायांत बळ आले, आणि गोळ्यांचे प्रमाण बदलून डॉक्टरांनी त्यांना घरी धाडले. या वेळी पथ्य कागदावर लिहून दिले आणि भावेशकडून मोठ्याने वाचून घेतले.

कागद वाचून झाल्यावर भावेश सहज बोलून गेला. "हे मिठाचं तर चंद्राकाकीने मला गेल्या वेळीच सांगितलं होतं. गाडीत बसताना. 'तसला पाकीट आनू नको हां बाला.' मी कशाला आणतोय म्हटलं."

हौसाबाई कागदाकडे पाहत राहिल्या. म्हणजे तिने ऐकले होते. पेज ओतता ओतता ऐकले होते, लक्षात ठेवले होते, मुलाला बजावलेही होते. आणि डॉक्टरांसमोर, जिथे तिला जिंकायला तोंडसुद्धा उघडावे लागले नसते, तिथे ती त्यांच्या शेजारी येऊन खोटे बोलली होती. आगर, मीठ, कोलंबीची वाटी या सगळ्यांत ती वरचढ होतीच. आता मोठेपणातही तीच वरचढ. एक खडा जास्ती नाही, एक खडा कमी नाही. हा उपकार हौसाबाईंना त्या बरणीतल्या मिठापेक्षा कडू लागला.

चार दिवस त्या धुमसत राहिल्या. मग एका सकाळी ओटा ओलांडून चंद्राच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि पाट ओढून बसल्या.

"कोकम कवा टाकतेस? आधी का नंतर?"

चंद्राने वळून पाहिले. "आधी भिजत घालाचा. ये, इथं बस, दाखवते."

"इथूनच दिसतंय."

दिसत होतेच. दृष्टी त्यांची तल्लख होती. लसूण किती ठेचायची, मिरची कधी काढून घ्यायची, कोथिंबीर गॅस बंद केल्यावरच का, सगळे त्यांनी पाहून घेतले. मिठाचा डबा कुठे उघडतोय का, याकडेही त्यांचे लक्ष होते. तो उघडला नाही.

त्या दुपारी हौसाबाईंनी स्वतः, आपल्या चुलीवर, बोय मासा केला. कोकम आधी भिजत घातले. तीन बोटे सवयीने बरणीकडे गेली. बरणी तिथे नव्हती, त्यांनीच ती मोरीत रिकामी करून माळ्यावर ठेवली होती. बोटे परत आली. चव त्यांनी घेतली नाही. सासूसमोर घेतली नव्हती, तशीच.

केसरीनाथांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग मान खाली घालून, काटा न काटा चोखत, ते जेवत राहिले. ताटात काही उरले नाही तेव्हा बोटाने ताट निपटत त्यांनी वर पाहिले. आजारपणात खोल गेलेले त्यांचे डोळे प्रसन्न होते.

"वा! आज जेवल्यासारखा वाटला." मग बोट चाटून, भाबडेपणाने : "चंद्राच्या घरून आला ना?"

हौसाबाई पातेले हातात धरून उभ्या होत्या. तीस वर्षे ज्या वाक्याची त्यांनी वाट पाहिली होती ते वाक्य, एका नावाची चूक सोडली तर, ताटासमोर येऊन बसले होते. ओट्यावर चंद्रा कपडे वाळत घालत होती. तिला इथले सगळे ऐकू येत असणार, आणि ऐकलेले तिच्या लक्षात राहते.

"हो," हौसाबाई मोठ्याने म्हणाल्या. "तिच्याच हातचा हाय."

आणि ओट्यावरच्या कपड्यांकडे न पाहता, त्यांनी पातेल्यात उरलेला रस्सा नवऱ्याच्या ताटात वाढला.